लामोसरच्या अलीकडे

"माताजी, झील में कुछ नहीं डालना," चौकीवरचा माणूस पुन्हा म्हणाला आणि त्यानं सासूबाईंच्या पिशवीतला नारळ काढून टेबलावर ठेवला. पाठोपाठ खण निघाला, तांदळाची पुडी निघाली, हळदकुंकवाची डबी निघाली.

"मग ओटी कुणाची भरू, ह्याची?" सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या.

त्याला मराठी कळलं नाही, पण रोख कळला असावा. त्यानं हसत हसत तो नारळ मागच्या खिडकीत नेऊन ठेवला. तिथं आधीच कुणाकुणाचे उदबत्तीचे पुडे आणि झेंडूच्या माळा येऊन पडल्या होत्या. "वापसी में ले जाना," तो म्हणाला.

"आत्या, मी विट्यातच सांगितलं होतं तुम्हाला." आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. "त्यांच्या सूचनांमध्ये पहिलंच आहे. पाण्यात काही सोडायचं नाही."

"तुझ्या सूचना ऐकत बसले असते तर विट्याच्या स्टँडवरनं हलले नसते मी."

सत्यजित, माझा नवरा, गालातल्या गालात हसला. घरात मला तेव्हा 'सूचना फलक' असं नाव पडलं होतं आणि ते त्यानंच पाडलं होतं. चूक त्याची नव्हती. सगळा एप्रिल मी हिमालयातल्या लामोसर तळ्यावर जाणाऱ्यांसाठीचे नियम वाचण्यात घालवला होता. पाच वर्षांखालच्या मुलांना वर आणू नका. आदल्या रात्री खालच्या तांगरी गावात मुक्काम करा. रिकाम्या पोटी चढू नका, पाणी पीत राहा. दुपारी बारानंतर चौकीवरून गाडी सुटणार नाही. तळ्याकाठी दगडांची रांग आहे, तिच्या पलीकडं पाऊल टाकू नका. डोकं दुखलं, उलटी झाली, चाल बिघडली, तर वाट न बघता खाली उतरा. शेवटचं वाक्य मला पाठ झालं होतं. आमची गार्गी साडेपाच वर्षांची होती. नियमात बसत होती, पण जेमतेम, आणि मला रात्री झोपेत तिचा श्वास मोजायची सवय होती.

चौकीवरच्या माणसानं गार्गीकडं बघून पेन हलवलं. "साडेपाच," ती आपणहून म्हणाली, आणि बोटं दाखवताना अर्ध्या वर्षासाठी एक बोट दुमडून धरलं. तो खूश झाला. मग त्याची नजर माझ्या सासऱ्यांवर, अण्णांवर गेली.

"अंकलजी, तबीयत ठीक है? कुछ खाया?"

"फर्स्ट क्लास," अण्णा म्हणाले. "खाया, खाया."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

अण्णांनी काही खाल्लं नव्हतं. त्या दिवशी संकष्टी होती, आणि त्यांची संकष्टी म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि केळी अशी नव्हे. सकाळी एक कप चहा, की मग चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. लग्नाआधीपासून ते असंच करत आले होते. सहलीच्या तारखा सत्यजितनं सुट्ट्या बघून ठरवल्या होत्या, मी हवामान बघून. पंचांग कुणी बघितलं नाही. सकाळी तांगरीत मी त्यांना म्हणालेही, "अण्णा, आजच्या दिवस पाणी तरी घ्या. इथं डोंगरात चालतं." तर म्हणाले, "गणपती काय फक्त विट्यात असतो होय?"

मी पाण्याची बाटली पिशवीत परत ठेवली.

अण्णांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालवा निरीक्षक म्हणून गेली. तीही कुठं, तर जत आणि आटपाडीच्या बाजूला, जिथं तळी होळीपर्यंत टिकली तर लोक नशीब समजतात. उन्हाळ्यात ते तळ्याच्या भेगाळलेल्या तळातून मोटारसायकल घालून पलीकडच्या गावाला जायचे. कधीतरी कुठल्याशा मासिकात त्यांनी लामोसरबद्दल वाचलं होतं. हिवाळ्यात गोठून गेलेलं, आणि ऊन कडक झालं की वरचं बर्फ वितळून काठोकाठ भरणारं. "उन्हाळ्यात भरणारं तळं," ते आल्यागेल्याला सांगायचे. "आपल्याकडं उन्हाळा पाणी नेतो. तिथं उन्हाळा आणून ओततो. एकदा बघायचं." ऐकणारा मान हलवायचा आणि चहा प्यायचा.

आदल्या वर्षी ते शेताच्या बांधावर चक्कर येऊन पडले. फार काही निघालं नाही, पण घर बदललं. मोटारसायकलची किल्ली सत्यजितच्या कपाटात गेली. विहिरीकडं एकट्यानं जायचं नाही. कटिंगला जाताना बरोबर कुणीतरी. सगळे त्यांना 'सांभाळून' म्हणायचे आणि ते खुर्चीत बसल्या बसल्या थोडे थोडे लहान होत चालले होते. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर सत्यजितनं ही सहल काढली, तेव्हा मी त्यांना कितीतरी महिन्यांनी शीळ घालताना ऐकलं.

जीप चौकीतून सुटली तेव्हा अकरा वाजून गेले होते. सत्यजित पुढं, आमचा चालक टेकचंद याच्या शेजारी, मोबाईलवर चित्रण करत. मागं एका खिडकीशी अण्णा, दुसऱ्या खिडकीशी आत्या, मध्ये मी आणि गार्गी. पहिल्या काही वळणांवर अण्णांचं तोंड मिटत नव्हतं. हा ओढा बघ, ह्याला आपल्याकडं नदी म्हणतील. ते पाणी बघ, कसं दुधाळ आहे, गाळ आहे त्यात, दगडाचं पीठ. गार्गी "कुठं, कुठं" करत त्यांच्या मांडीवर चढत होती आणि उतरत होती.

मग ते बोलायचे थांबले.

आधी मला वाटलं, दमले असतील. गार्गीनं विचारलं, "अण्णा, बर्फाचं पाणी गोड असतं का?" ते उत्तर द्यायला वळले आणि तिच्याकडं नुसतं बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "असतं." स्वेटरचं वरचं बटण ते लावत होते. बोटं बटणाला भेटत होती आणि पुन्हा सुटत होती. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं ते छोटं यंत्र तेव्हा घरोघरी आलेलं नव्हतं. माझ्यापाशी डोळे तेवढे होते. मी त्यांचे ओठ बघितले. जांभळट होते.

"अण्णा, बरं आहे ना?"

"थंडी गं."

"हिनं आता ह्यांना धरलं," आत्या खिडकीतून नजर न काढता म्हणाल्या. "पोर झाली, आता सासरा."

पुढं एका ठिकाणी बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि गाड्या एकेक करून पलीकडं जात होत्या. आमच्या पुढं रांग होती. टेकचंदनं जीप बंद केली. आत्या आणि सत्यजित गार्गीला घेऊन कडेच्या बर्फात हात घालायला उतरले. अण्णा दुसऱ्या बाजूनं उतरून आडोशाला निघाले. मी त्यांच्या मागं गेले नाही, पण बघत राहिले. पाय फाकवून, जमीन हलते आहे अशा बेतानं ते चालत होते. परत येताना एका दगडाला हात लावून उभे राहिले, आणि हात काढेनात.

मी गेले.

"अण्णा, खाली जाऊ या."

"कशाला?"

"तुमची चाल बिघडलीय. डोकं दुखतंय ना?"

ते दगडाला पाठ लावून टेकले. मग, मला कधी ऐकायला मिळाला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "तेजस्विनी, एक ऐकतेस? बोलू नको. आता राहिलं किती? पोचलो की मी दगडावर बसतो. हलत नाही तिथनं. नुसतं बघतो."

"अण्णा, थोडं पाणी तरी—"

"आणि सत्याला सांगू नको. त्याला कळलं की संपलं. आता मोटारसायकल गेली, विहीर गेली. हे कळलं तर पुढं मला अंगणात बसवून वरनं साखळी घालतील." ते हसायला गेले, पण श्वास पुरला नाही. "तू हुशार आहेस. गप्प बस."

माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. त्या सात वर्षांत अण्णांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा 'होतोय का' असं विचारायचे.

सत्यजित पलीकडून ओरडला, "चला, आपला नंबर आला." आम्ही जीपकडं आलो. मी त्यांचा दंड धरला होता. आत्यांना दिसलं, तर म्हणाल्या, "धरून आणायला काय झालं, म्हातारे झाले काय ते?" मी दंड सोडला.

जीप पाण्यातून गेली. पलीकडचा चढ सुरू झाला. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. 'अण्णांना त्रास होतोय' असं म्हणाले की सत्यजित गाडी वळवणार, हे नक्की. त्याच्या पुढचंही तितकंच नक्की होतं. तांगरीत डॉक्टर, रडणाऱ्या आत्या, मग विट्यात सगळ्या भावकीला फोन, आणि मग ती साखळी. न बोलावं, तर वर काय होईल ते मी एप्रिलभर वाचलेलं होतं. अण्णांनी गार्गीला मांडीवर घेतलं होतं. तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते. एवढ्या अवस्थेत हे गोष्टी काय सांगतायत, असं मला वाटून गेलं. मग त्यांनी डोकं मागं टेकलं आणि माझ्याकडं बघत राहिले. डोळे लाल होते. मला वाटलं, मी बोलू नये म्हणून राखण करतायत.

समोर खिंडीत रंगीत पताका दिसायला लागल्या. टेकचंद म्हणाला, "बस, उसके पीछे झील."

"गाडी थांबवा," मी म्हणाले.

सत्यजित वळला. "काय झालं?"

"गार्गीला बरं नाही. मळमळतंय तिला. आपण खाली जातोय."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. निघालं तेव्हाच मला कळलं की पोरगी आता टुणकन उठून म्हणणार, मला काही झालेलं नाही. ती तशीच होती. खोटं तिला सहन व्हायचं नाही. बसमध्ये मी तिकीट वाचवायला वय कमी सांगितलं, तर कंडक्टरला तिनं दुरुस्त करून सांगितलं होतं.

मी खाली बघितलं. गार्गी अण्णांच्या छातीवर गाल टाकून पडली होती. डोळे मिटलेले, हात लोंबता.

"गार्गी?" सत्यजित म्हणाला.

"मळमळतंय," ती डोळे न उघडता म्हणाली.

मी खोटं बोलले आणि ते खरं झालं, असं मला वाटलं. मी तिच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला, चेहरा वळवून ओठ बघितले. लालचुटूक होते. तरी मी पुन्हा कपाळाला हात लावून बघितला, आणि ती धास्ती खोटी नव्हती.

"मॅडम, बच्ची तो ठीक लग रही है," टेकचंद आरशातून म्हणाला. "पाच मिनट का रास्ता है."

"मेरी बच्ची है. मुझे पता है. गाडी घुमाओ."

"अहो, काहीतरी बोला की हिला," आत्या अण्णांना म्हणाल्या आणि मग सत्यजितकडं वळल्या. "इतक्या लांबनं आलो. पोरं ओकतात, तोंड धुवायचं नि पुढं जायचं. मी तुला देवदर्शनाला नेलं तेव्हा घाटभर ओकत होतास, फिरवली का गाडी मी?"

"तेजू, बघ, आपण असं करू," सत्यजितनं समजुतीचा सूर लावला, "मी तुला आणि गार्गीला मागच्या एखाद्या गाडीत बसवून देतो. अण्णांना तरी—"

"नाही," मी म्हणाले. "सगळे एकत्र. मी तिला घेऊन परक्या गाडीत बसणार नाही."

"अगं, परवाना आजचाच आहे. उद्या आपली गाडी आहे चंदीगडहून. अण्णांचं काय, एवढं ते…"

त्यानं अण्णांकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मला त्यांच्याकडं बघवेना. मी पताकांकडं बघत बसले.

"पोरीपेक्षा तळं मोठं आहे होय," अण्णा म्हणाले. एकेक शब्द वेगळा काढून म्हणाले. "फिरव."

टेकचंदनं गाडी वळवली. बर्फाच्या पाण्याशी आल्यावर अण्णांना उलटी झाली, ती त्यांनी खिडकीबाहेर, आवाज न करता उरकली. आत्यांना झोप लागली होती. सत्यजित माझ्यावरच्या रागात समोर बघत होता. मी रुमाल दिला. त्यांनी तो घेतला.

तांगरीत आल्याबरोबर मी मीठ-साखर घातलेलं पाणी तांब्याभर केलं. दोन घोट गार्गीला पाजले. ती खाटेवर बसून घरमालकिणीच्या मांजराला शेपटीनं ओढत होती आणि मी तिला 'पडून राहा' म्हणून दटावत होते. उरलेलं मी अण्णांपुढं धरलं.

"जास्त झालंय. टाकायचं कशाला."

"अगं, चंद्र दिसायचाय अजून," आत्या म्हणाल्या. "मीठ आहे त्यात."

अण्णांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. "नातीचं उष्टं आहे," ते म्हणाले. "त्याला गणपती काही म्हणत नाही." मग भिंतीकडं तोंड करून झोपले.

संध्याकाळपर्यंत त्यांचे ओठ उजळले. रात्री भाकरीएवढ्या जाड दोन रोट्या खाल्ल्या. पण माझ्याशी ते परतीच्या सगळ्या प्रवासात धड बोलले नाहीत. त्या दिवशी खाली येताना चौकीवर नारळ परत घ्यायला आत्या उतरल्या होत्या, तेव्हाही ते खिडकीतून वरच्या रस्त्याकडं बघत होते, बराच वेळ. मी पाहिलं, आणि माझ्या मनात एक गोष्ट रुतून बसली. ह्यांनी आयुष्यात एक मागणं केलं, ते माझ्यापाशी केलं, आणि मी अर्धंच ऐकलं. सत्यजितला सांगितलं नाही, एवढंच. तळं मात्र त्यांच्याकडून काढून घेतलं.

विट्यात त्याची कथा झाली. कोणाच्या लग्नात, बारशात विषय निघाला की आत्या सुरू करायच्या, "पाच मिनिटं. पाच मिनिटांवर तळं, आणि ही म्हणती गाडी फिरवा." लोक हसायचे. सत्यजितचा राग हसण्यात जिरला. मी पण हसायचे. घाबरट म्हणवून घेण्यात तसं काही नवीन नव्हतं. अण्णा तिथं बसलेले असायचे, सुपारी कातरत. ते कधी हसले नाहीत आणि कधी काही बोललेही नाहीत. त्यांची किल्ली मात्र पुढच्या दिवाळीत परत मिळाली. सत्यजित म्हणाला, हिमालय सोसला माणसानं, विट्याच्या गल्लीला काय होतंय. पुढची पाच वर्षं ते मोटारसायकलवरून तळी बघत हिंडले. लामोसरचं नाव त्यांच्या तोंडी पुन्हा आलं नाही, आणि मला ते काढायचं धाडस झालं नाही. गेल्या मार्गशीर्षात ते गेले, झोपेत.

यंदा मे महिन्यात सत्यजितनं पुन्हा लामोसरचा विषय काढला. म्हणाला, अण्णांसाठी जाऊन येऊ. गार्गी आता अकरा वर्षांची आहे. ती सोप्यात बसून मोबाईलवर या हंगामाचे नियम वाचून दाखवत होती. साठीच्या वरच्यांना आता डॉक्टरांचा दाखला लागतो. तांगरीत एकाऐवजी दोन मुक्काम. ती वाचताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. आत्या मेथी निवडत होत्या.

"मागं तू ओकलीस, म्हणून राहिलं तळं," त्या म्हणाल्या. "आता मोठी झालीस. आईला मात्र इथंच ठेवू."

"मी ओकले नव्हते," गार्गी म्हणाली.

"बरं, मळमळलं. तेच ते." आत्या परात घेऊन पाणी आणायला आत गेल्या.

गार्गीनं मोबाईल मांडीवर ठेवला. "आई, मला मळमळलंपण नव्हतं. मला अण्णांनी सांगितलं होतं तसं म्हणायला."

"काय सांगितलं होतं?"

"गाडीत. म्हणाले, आता तुझी आई गाडी फिरवा म्हणेल. तुझं नाव घेईल. घेतलं की डोळे मिटून पडून राहा, आणि कुणी विचारलं तर मळमळतंय म्हण. आणि कुणाला सांगायचं नाही."

"मी म्हटल्यावर सांगितलं ना तुला? मी गाडी थांबवा म्हटल्यावर?"

"नाही गं. आधी. आपण त्या पाण्यातून गेलो ना, तेव्हाच. मी तर आधीच पडून राहिले, आणि तू बोलतच नव्हतीस. माझी मान दुखायला लागली. अण्णा तुझ्याकडंच बघत होते. मला वाटलं, तू विसरलीस की काय."

खिडकीशी डोकं टेकून माझ्याकडं लागलेले ते लाल डोळे मला इतकी वर्षं दिसत आले होते. त्यांचा मी एकच अर्थ लावला होता, राखणीचा.

"तू एवढी वर्षं का बोलली नाहीस?"

"अण्णांनी सांगू नको म्हटलं होतं." तिनं खांदे उडवले. "आता ते नाहीत, तर चालेल असं वाटलं. आजीला सांगू?"

"नको."

"का? तुला सारखी बोलते ती."

"बोलू दे."

आत्या परात घेऊन बाहेर आल्या. आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "काय कुजबुज चाललीय?"

"काही नाही आत्या. तळं माझ्यापायी राहिलं, तेच सांगत होते हिला."

"मग? खोटं आहे का?" त्या खाली बसल्या, मेथीची जुडी सोडली. थोड्या वेळानं, पानं खुडता खुडता, आवाज उतरवून म्हणाल्या, "पण हे भले माणूस. दुसऱ्या कुणी तुला जन्मभर ऐकवलं असतं. हे शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत तुला."

"हो," मी म्हणाले. "एक शब्द बोलले नाहीत."